लोणारच्या खाऱ्या काठावरील पक्षी

(परिसर-अभ्यासाचा एक पाठ : इयत्ता चौथी व पाचवीच्या शिक्षकांसाठी)

समुद्रकिनारा, खाडी, भरती-ओहोटी हे शब्द आपल्या जिल्ह्यातील मुलांना बहुधा पुस्तकातच भेटतात. मलकापूरच्या किंवा चिखलीच्या मुलास खारे पाणी कसे असते असे विचारले, तर तो वरणात मीठ अधिक पडल्याची आठवण सांगेल. आणि त्यात त्याचा काही दोष नाही. समुद्र येथून कित्येकशे किलोमीटर दूर आहे. तथापि, जिल्ह्याच्या दक्षिण टोकास असा एक काठ आहे की जेथे पाणी खारे आहे, सुकलेल्या चिखलावर क्षाराचा पांढरा थर चढतो, आणि लांब पायांचे पक्षी त्या चिखलात समुद्रकाठच्या पक्ष्यांप्रमाणेच अन्न टिपीत हिंडतात. तो काठ म्हणजे लोणारचे सरोवर होय.

लोणारला शाळांच्या सहली जातात. दैत्यसूदनाचे मंदिर पाहावयाचे, विवराच्या कडेवर उभे राहून ‘येथे उल्का पडली’ असे सांगावयाचे, शिदोरी सोडावयाची आणि परतावयाचे, असा या सहलींचा सामान्य क्रम असतो. खाली पाण्याशी जे जिवंत जग नांदत आहे त्याकडे पाहण्यास कोणास सवड होत नाही. हा पाठ त्या जगाविषयी आहे.

पक्ष्यांकडे वळण्यापूर्वी पाण्याची ओळख करून देणे अवश्य आहे, कारण येथील पक्षी समजावयाचा तर आधी पाणी समजले पाहिजे. बसाल्टच्या काळ्या खडकात उल्कापाताने झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे व सुमारे दीडशे मीटर खोल आहे. त्याचे वय पूर्वी सुमारे ५२ हजार वर्षे सांगितले जात असे. पुढे २०११ च्या सुमारास अधिक सूक्ष्म पद्धतीने केलेल्या मोजणीत ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. जुन्या पुस्तकातील आकडा मुलांनी वाचला असेल, तर दोन्ही आकडे फळ्यावर लिहून शास्त्र आपलेच उत्तर पुन्हा तपासून पाहते हे दाखवावे. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली. परंतु ऐन-ए-अकबरीत लोणारचा उल्लेख त्याच्याही सव्वादोनशे वर्षे आधी आलेला आहे, आणि गावच्या लोकांना तर लवणासुराची कथा फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ‘लवण’ म्हणजे मीठ. कथेने पाण्याचा गुण नावातच बांधून ठेवला, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

या सरोवरास पाणी बाहेर जाण्याची वाट नाही. पावसाचे आणि झऱ्यांचे पाणी आत येते, आणि ते केवळ उन्हाने वाफ होऊन जाते. पाणी जाते पण त्यातील क्षार मागे राहतात. हजारो वर्षे असे चालल्यामुळे पाणी केवळ खारट न राहता धुण्याच्या सोड्यासारखे अल्कधर्मी झाले आहे. त्याचा सामू १० च्या आसपास असतो. साध्या पाण्याचा तो ७ च्या जवळ असतो. हे आकडे चौथीच्या मुलास न सांगितले तरी चालेल. त्याऐवजी हळदीचा प्रयोग करावा. टीपकागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवाव्यात. एक पट्टी विहिरीच्या पाण्यात व एक धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवावी. पहिली पिवळीच राहील, दुसरी लाल होईल. लोणारला गेल्यावर तीच पट्टी धारेच्या गोड पाण्यात आणि मग सरोवराच्या पाण्यात बुडवून दाखवावी. घरी आईच्या साडीवर पडलेला हळदीचा डाग साबण लावताच लाल का होतो, याचे उत्तर मुलगा आपण होऊन सांगेल.

अशा पाण्यात सामान्य मासा जगत नाही. त्यात वाढते ते हिरवे सूक्ष्म शेवाळ, ज्याचा एक प्रकार ‘स्पिरुलिना’ या नावाने प्रसिद्ध आहे. काठाच्या चिखलावर बारीक माश्या व त्यांच्या अळ्या असतात. तेव्हा येथे येणाऱ्या पक्ष्याने मासा धरण्याचा विचार सोडून या सूक्ष्म अन्नावर निर्वाह करावयास हवा. पाठाचे मर्म येथेच आहे. मुलांना प्रश्न असा विचारावा : ज्या तळ्यात मासा नाही, त्या तळ्यावर पक्षी कशाकरिता येतात? उत्तर शिक्षकाने सांगू नये. ते चोचींकडे पाहून मुलांनी शोधावे.

प्रथम शेकाट्या दाखवावा. तो ओळखण्यास सर्वांत सोपा आणि मुलांना हमखास आवडणारा आहे. अंग पांढरे, पंख काळे, चोच सुईसारखी सरळ व काळी, आणि पाय इतके लांब व गुलाबी-तांबडे की जणू कोणी काठ्यांवर चालण्याचा खेळ करीत आहे. शरीराच्या मानाने पायांची एवढी लांबी रोहित पक्षी सोडल्यास दुसऱ्या कोणा पक्ष्यात आढळत नाही. लांब पायांमुळे तो इतर लहान पक्ष्यांपेक्षा खोल पाण्यात शिरू शकतो, आणि चोच बारीक असल्याने पाण्यावरील एकेक किडा चिमट्याने उचलल्यासारखा टिपतो. उडताना पाय मागे लोंबतात, ते शेपटीच्या पुष्कळ पलीकडे जातात.

येथे एक सामान्य गैरसमज दूर करता येतो. मुले म्हणतील, ‘गुरुजी, त्याचा गुडघा उलटा वाकतो!’ तो गुडघा नव्हेच. ती पक्ष्याची टाच होय. पक्षी आपल्या बोटांवर चालतो, टाच उंच राहते, आणि खरा गुडघा वर पोटापाशी पिसांत झाकलेला असतो. वर्गातील एका मुलास चवड्यांवर उभे राहून चालावयास सांगावे, म्हणजे हे वेगळे समजावून देण्याचे कारण पडत नाही. घरच्या कोंबडीकडेही मग तो निराळ्या दृष्टीने पाहू लागतो.

दुसरा पक्षी थापट्या. हे बदक हिवाळ्यात उत्तरेकडून, हिमालय ओलांडून येते. त्याची चोच पुढे फावड्यासारखी रुंद असते व तिच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात. मान लांबवून, चोच पाण्यावर सपाट ठेवून तो पोहत राहतो. पाणी आत घेतो, दात्यांतून बाहेर सोडतो आणि सूक्ष्म अन्न आत अडकते. आई चहा गाळते ते गाळणे आणि ही चोच यांचे तत्त्व एकच. शेकाट्या वेचून खातो, थापट्या गाळून खातो. एकाच पाण्यावर दोघांचे पोट भरते आणि भांडण होत नाही.

चक्रवाकही हिवाळ्यात येतात. नारिंगी-तपकिरी अंगाची ही मोठी बदके लडाख-तिबेटाकडील उंच सरोवरांच्या प्रदेशात वीण करतात. आपल्या जुन्या काव्यांत चक्रवाकाची जोडी रात्री दुरावते आणि विरहाने आक्रंदते असा संकेत आहे. रात्री परस्परांना साद घालणारी ही बदके ज्याने ऐकली त्यास हा संकेत कसा निर्माण झाला ते कळेल. मात्र जोडी खरोखर दुरावत नाही, एवढे मुलांना सांगून टाकावे. टिबुकली बारा महिने दिसते. ती बदकाहून पुष्कळ लहान, आणि पाहता पाहता बुडी मारून भलतीकडेच वर येते. ‘कोठे वर येईल?’ असे मुलांना ओळखावयास लावले, तर अर्धा तास तरी शांततेत जातो, हा अनुभवाचा भाग आहे. तुतवार काठावर सतत शेपूट हलवीत चालतो, धोबीही तसेच करतो. दोघांतील भेद चोचीच्या लांबीवरून व रंगावरून शोधावयास द्यावा.

सर्व पक्ष्यांची नावे एकाच दिवशी सांगण्याचा हव्यास मात्र धरू नये. या परिसरात सुमारे १६० जातींचे पक्षी, ४६ जातींचे सरपटणारे प्राणी व १२ जातींचे सस्तन प्राणी यांची नोंद आहे. त्यांत लांडगाही आहे. पांढऱ्या मानेचा करकोचा आणि छोटी लालसरी हे जगात कमी होत चाललेले पक्षी या यादीत आहेत. २००० साली हे क्षेत्र वन्यजीव अभयारण्य झाले, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये पाणथळ जागांच्या रामसर या आंतरराष्ट्रीय यादीत त्याचा समावेश झाला. महाराष्ट्रातून नांदूर मधमेश्वरच्या पाठोपाठ या यादीत गेलेले हे दुसरे स्थळ. आपल्या जिल्ह्याच्या या मानाची वार्ता मुलांना अवश्य सांगावी. परंतु पाच पक्षी नीट पाहिलेला मुलगा एकशे साठांची यादी पाठ म्हणणाऱ्यापेक्षा अधिक शिकलेला असतो.

टिटवीविषयी अधिक सांगावयास हवे, कारण ती लोणारात आहे तशी प्रत्येक गावच्या शिवारातही आहे, आणि तिच्यावर आपल्या समाजाचा विनाकारण रोष आहे. रात्री टिटवी ओरडली की अशुभ घडते, अशी समजूत पुष्कळ घरांत आढळते; त्यामुळे मुले तिला दगड मारतात व मोठी माणसे त्यांना अडवीत नाहीत. वस्तुतः टिटवी जमिनीवर अंडी घालते. झाडावरील घरट्याची सुरक्षितता तिला नाही. कुत्रा, कोल्हा, मुंगूस किंवा माणूस अंधारात जवळ आला की ती ओरडणारच. ती मरणाची वार्ता देत नाही; आपली अंडी राखते. बहुधा चार अंडी असतात, त्यांची निमुळती टोके आत वळविलेली असतात, आणि रंग मातीच्या ढेकळासारखा असल्यामुळे दोन हातांवरून चालणाऱ्यासही ती दिसत नाहीत. कडक उन्हात टिटवी पाण्यात जाऊन पोटाची पिसे भिजवून येते व त्या ओलाव्याने अंडी थंड राखते. ‘टिटवी देखील समुद्र आटविते’ ही म्हण मुलांना ठाऊक असेल. समुद्राने अंडी नेली म्हणून त्याच्याशी वैर धरणाऱ्या टिटवीची पंचतंत्रातील गोष्ट या पाठास जोडून सांगण्यासारखी आहे.

टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस अधिक पडतो, असेही शेतकरी सांगतात. भेंडवळच्या घटमांडणीकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या जिल्ह्यात असे ठोकताळे पुष्कळ आहेत. ते हसण्यावारी नेऊ नयेत आणि खरेही मानून चालू नये. गावच्या शिवारात घरटे कोठे दिसले आणि त्या वर्षी पाऊस किती पडला, हे शाळेने दहा वर्षे लिहून ठेवावे. मग मुलांनाच निवाडा करू द्यावा.

या अंड्यांचा सहलीशी फार निकटचा संबंध आहे. टिटवी आणि शेकाट्या या दोघांचीही वीण मुख्यतः मार्च ते ऑगस्ट या काळात, उघड्या जमिनीवर, पाण्याजवळ होते. परीक्षा संपल्यावर एप्रिलात सहल काढली आणि साठ मुले काठावर मोकळी सोडली, तर पक्षी पाहण्याकरिता म्हणून गेलेली ती सहल पक्ष्यांची पिढीच तुडवून येईल. आणि कोणाच्या ध्यानातही येणार नाही, कारण ती अंडी दिसत नाहीत. म्हणून लोणारची सहल नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच काढावी. त्या वेळी बाहेरचे पाहुणे पक्षी आलेले असतात, ऊन सोसवते आणि विवराची चढण मुलांना जड जात नाही. वीण-काळात जावेच लागले तर पायवाट सोडू नये, आणि टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली की ताबडतोब आल्या पावली मागे फिरावे. अंडी अथवा घरटे उचलणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अपराध आहे, ही गोष्ट निघण्यापूर्वी वर्गातच सांगावी. काठावर गेल्यावर सांगितलेले कोणी ऐकत नाही.

आता सरोवराच्या पाण्याविषयीचा जो प्रश्न मोठ्यांनाही अवघड वाटतो, त्याकडे वळू. पाणी वाढले म्हणजे चांगले, हे आपणा अवर्षणाच्या मुलखातील माणसांच्या मनात इतके पक्के असते की, लोणारात गोडे पाणी वाढल्याने हानी होऊ शकते हे पटवून देणे कठीण जाते. परंतु वस्तुस्थिती तशी आहे. बाहेरून येणारे पाणी वाफेने जाणाऱ्या पाण्याहून अधिक झाले की क्षार पातळ होतात. सूक्ष्म शेवाळाची घडी बदलते. शिवाय पाणी वर चढून उघडा चिखल झाडांपर्यंत बुडतो आणि शेकाट्यास उभे राहण्याची व अंडी घालण्याची जागा उरत नाही. उलट पाणी फार आटले तर क्षार दाट होतात. जून २०२० मध्ये असेच झाले आणि सारे सरोवर गुलाबी दिसू लागले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले, तेव्हा अतिखाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा तो परिणाम असल्याचे आढळले. गाजराचा रंग त्याच जातीच्या द्रव्याचा असतो. ठाण्याच्या खाडीवर थव्यांनी उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांची पिसेही अन्नातून मिळणाऱ्या अशाच द्रव्याने गुलाबी होतात. त्या वेळी चमत्काराच्या व कोपाच्या पुष्कळ कंड्या उठल्या होत्या. पाऊस पडल्यावर रंग ओसरला.

गावचे सांडपाणी उतरून सरोवरात जाणे आणि विवरात माजलेली वेडी बाभूळ, हे प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलेले आहेत. न्यायालयाचा विषय प्राथमिक शाळेचा नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु पाणी कोठपर्यंत आले हे पाहणे तर शाळेचे काम आहे. काठावर कमळजादेवीचे मंदिर आहे. प्रत्येक सहलीने मंदिराच्या पायरीपासून पाणी किती पावलांवर आहे ते मोजावे, पाणी पायरीस लागले असल्यास तसे लिहावे, आणि तारीख घालावी. लोणार, मेहकर व सिंदखेडराजा तालुक्यांतील शाळांनी एवढे जरी नेमाने केले, तरी काही वर्षांनी एक उपयुक्त तक्ता तयार होईल.

धारेचे गोड पाणी जेथे सरोवरास मिळते त्या मुखाजवळ थोडे अधिक थांबावे. समुद्रावरील कुरव पक्ष्याच्या डोळ्यांवर एक ग्रंथी असते. शरीरात गेलेले अधिक मीठ ती नाकपुड्यांवाटे बाहेर टाकते. ज्यांना अशी सोय नाही त्या पक्ष्यांना पिण्यास व अंघोळीस गोडे पाणीच लागते. खारे आणि गोडे यांच्या त्या संगमावर कोणते पक्षी येतात व आत खोल पाण्यावर कोणते राहतात, हे दोन निरनिराळ्या पानांवर लिहावे. तेथे साबण लावून अंघोळ करणे, कपडे पिळणे, निर्माल्याच्या पिशव्या सोडणे हे मुलांच्या दृष्टीस पडेल. त्यावर मुलांपुढे यात्रेकरूंची निंदा करू नये. आपण काय करणार नाही, एवढेच ठरवावे.

निरीक्षणाच्या पद्धतीविषयी थोडेसे. एका शिक्षकामागे पंधरांहून अधिक मुले नसावीत. भडक रंगाचे कपडे नसावेत. सकाळी सूर्य पाठीशी राहील अशा बाजूस बसवावे, आणि पहिली दहा मिनिटे कोणीही काही लिहू नये, केवळ पाहावे. दुर्बीण एक असली तरी पुरते; नसली तरी अडत नाही, कारण शेकाट्या, टिटवी, चक्रवाक हे उघड्या डोळ्यांनी ओळखता येतात. नोंदवहीत पक्ष्याचे नाव, तो काय करीत होता, पाण्यात की चिखलात की झाडावर, आणि किती होते, एवढे चार रकाने पुरेत. याखेरीज एक पाचवा रकाना अवश्य ठेवावा : ‘न ओळखलेला’. तो रिकामा राहिला तर शिक्षकाने शंका घ्यावी. शिक्षक रागावतील या भीतीने मुले नावे ठोकून देतात, आणि तशी वही कितीही नीटस असली तरी निरुपयोगी होय. न ओळखलेल्या पक्ष्याचे वर्णन लिहून आणावे व शाळेत येऊन पुस्तकात शोधावे. डॉ. सालिम अली यांचे १९४१ साली प्रथम निघालेले भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक आणि विदर्भाच्या अरण्यांत आयुष्य घालविलेले मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ हे दोन ग्रंथ केंद्रशाळेच्या कपाटात असावेत. मुलांनी आजीकडून आणलेले गावठी नाव ग्रंथातील नावाशेजारीच लिहून घ्यावे, ते खोडू नये.

संग्रामपूर, जळगाव जामोद यांसारख्या उत्तरेकडील तालुक्यांना लोणार दूर पडते. त्यांनी हा पाठ गावतळ्यावर घ्यावा; मोताळ्याच्या बाजूस नळगंगेचा, मेहकराकडे पेनटाकळीचा आणि देऊळगावराजाकडे खडकपूर्णेचा जलाशय आहे. तेथे पाणी गोडे व मासे विपुल, म्हणून पाणकावळा, बगळा, खंड्या हे मासेखाऊ पक्षी दिसतील. लोणारच्या शाळेने आपली यादी मोताळ्याच्या शाळेस पाठवावी व त्यांची आपण मागवावी. दोन याद्या शेजारी ठेवल्या की, मासा असलेल्या आणि नसलेल्या पाण्यावरील चोचींतला भेद मुलांना आपोआप दिसेल.

पक्षी-सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर या काळात पाळला जातो. चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ रोजी व सालिम अली यांचा १२ रोजी येतो. पहिले निरीक्षण त्या आठवड्यात घ्यावे, दुसरे जानेवारीच्या अखेरीस. वहीवर मुलाचे नाव न घालता शाळेचे व वर्षाचे नाव घालावे, आणि जून महिन्यात ती वही पुढच्या चौथीच्या हाती द्यावी. नव्या वर्गाने पहिले काम म्हणून मागील वर्षीचा ‘न ओळखलेला’ रकाना वाचावा.